मध्यमा प्रथम (कथक): पायात सगळं आहे, तोंडात येत नाही

कळंबा_रिंगरोड (३ नोव्हेंबर, रात्री १०:५०)

नमस्कार. इथं गाण्याच्या आणि तबल्याच्या परीक्षांचे धागे बरेच सापडले, नाचाच्या परीक्षेचा एकही नाही, म्हणून नवीन काढतेय.

माझी लेक सातवीत आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची कथकची मध्यमा प्रथम या सत्रात देतेय. प्रात्यक्षिक २३ तारखेला, म्हणजे हातात वीस दिवस. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, तिन्ही झाल्या आणि तिन्हींना चांगले गुण आहेत. ती नाचायला उभी राहिली की मला कधी काळजी वाटली नाही. चक्कर सरळ येतात, पाय स्वच्छ वाजतात, शेवटचा पाय बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो.

परवा क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. तिनं एक चक्रदार तोडा (बोलांची ठरलेली रचना, तीच तीनदा घ्यायची) छान केला. बाईंनी सांगितलं, "आता हाच हातावर ताल धरून म्हणून दाखव." पहिली ओळ म्हणाली आणि थांबली. हात तसाच वर राहिला, ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाई म्हणाल्या, बरं, नाचून दाखव. तोच तोडा परत अचूक. पुन्हा म्हणायला सांगितलं, पुन्हा तिथंच अडली. बॅचमध्ये अठरा मुली आहेत, सगळ्या बघत होत्या.

येताना केएमटीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली, संभाजीनगर स्टँड आलं तरी एक शब्द नाही. रात्री अंथरुणावर म्हणाली, "आई, मला बोल येतात गं. पण पाय थांबलेले असले की पुढचं सुचतच नाही."

हे असं हातावर ताल धरून बोल म्हणणं, म्हणजे पढंत, वीस दिवसांत येईल का? कुठून सुरुवात करू? मी स्वतः नाच शिकलेली नाही, मला तीनताल सोळा मात्रांचा एवढंच कळतं. घरी मोबाईलच्या अ‍ॅपवर लेहरा (ताल दाखवणारी, पुन्हा पुन्हा फिरणारी पेटीची धून) लावून ती सराव करते. ते बरोबर आहे का, तेही सांगा. बाई चांगल्या आहेत, पण एवढ्या मुलींत त्या एकटीला किती वेळ देणार?

---

उचगावची_अमू (३ नोव्हेंबर, रात्री ११:१५)

आमच्याकडं हुबेहूब हेच. वाचत राहते.

---

पायरव (४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०)

ताई, मी राजारामपुरीत गेली एकवीस वर्षं कथक शिकवते. दुखणं कुठं आहे ते तुमच्या लेकीनंच नेमकं सांगितलंय, त्यामुळं अर्धं काम झालं.

आपण मुलींना ओळीत उभं करून शिकवतो. समोरची वळली की मागची वळते. हात इथून सुटला की पाय तिथं जातो, हे अंगाला पाठ होतं. बोल कानावर असतात, पण त्यांचा धागा अंगाच्या हालचालीला बांधलेला असतो. अंग थांबवलं की धागा तुटतो. पोरीला येत नाही असं नाही, तिला ते एकाच वाटेनं येतं. म्हणून अंग एकदम काढून घेऊ नका, हळूहळू काढा.

पहिले चार दिवस तिला खुर्चीवर बसवा. घुंगरू नकोत. बसल्या बसल्या फक्त पाय तत्काराला (कथकच्या मूळ पदन्यासाला) चालू ठेवायचे आणि तोंडानं तोडा म्हणायचा. पाय चालू आहेत म्हटल्यावर ती अडणार नाही, करून बघा. मग पाय मांडी घालून दुमडायचे आणि हात घ्यायचा. तीनतालात पहिल्या मात्रेला टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पाचवीला टाळी, परत तीन बोटं. नववीला खाली, हात उघडा बाहेर टाकायचा, आवाज नाही. तेरावीला शेवटची टाळी. पुष्कळ मुली प्रत्येक मात्रेला टाळ्या वाजवत सुटतात. असं केलं की आपण आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) कुठं आहोत हे हाताला कळत नाही, आणि चौगुनीत (चौपट लयीत) गोंधळ उडतो तो इथंच.

हात बसला की तिला विचारा, तिहाई (एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) कुठून उठते? नाचताना येते म्हणून चालणार नाही, मोजून सांगता आली पाहिजे. सगळ्यात सोपी घ्या: "ता थेई थेई तत् थेई", पाच मात्रांचा बोल, मध्ये एक मात्रा दम (थांबा), असं तीनदा. समेपासून उठली तर पहिल्या खेपेचं शेवटचं थेई पाचव्या मात्रेवर, दुसऱ्याचं अकराव्या, तिसऱ्याचं सतराव्या. सोळा संपून सतरावी म्हणजेच पुढची सम. हे तिला कागदावर सोळा घरं आखून स्वतः भरू दे, तुम्ही भरून देऊ नका. मग विचारा, हीच तिहाई झपतालात समेपासून धरली तर एका आवर्तनात बसेल का? दहा मात्रांत ती मावत नाही. तिथं तीन मात्रांचा बोल आणि एक दम घ्यायचा: तिसरी, सातवी आणि अकरावी, म्हणजे सम. ज्या दिवशी हे ती स्वतः शोधून काढेल त्या दिवशी पढंतीची भीती जाईल. माझ्याकडच्या पंचवीस-तीस मुलींच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी बघितलंय.

आणि तत्काराचं गणित सुद्धा विचारा. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" हा आठ मात्रांचा. तीनतालाच्या एका आवर्तनात ठाहला (मूळ लयीत) दोनदा, दुगुनीला चारदा, चौगुनीला आठदा. पायांचा क्रमही म्हणू द्या: उजवा, डावा, उजवा, डावा, आणि 'आ'ला परत डावा. तो दुसरा डावा पाय चुकला की पुढचं सगळं उलटं पडतं.

अ‍ॅपबद्दल तबल्याचं कुणी सांगेल तर बरं.

---

राजारामपुरी_११वी_गल्ली (४ नोव्हेंबर, सकाळी ९:०५)

पायरव मॅडम, आदर ठेवून असहमती नोंदवतो. माझी मुलगी विशारदपर्यंत गेली, त्या अनुभवावर बोलतोय. परीक्षेच्या वीस दिवस आधी मुलीच्या डोक्यात गणित घातलं की जे येतंय तेही हलतं. आमच्या हिला शेवटच्या पंधरवड्यात बाईंनी एक तोडा मोजून करायला लावला आणि परीक्षेत ती नाचतानाच मोजायला लागली. चेहऱ्यावरचं सगळं गेलं. जे चांगलं येतं त्याला आता हात लावू नका, एवढंच माझं म्हणणं. पढंत परीक्षेनंतर निवांत शिकू दे.

---

पायरव (४ नोव्हेंबर, दुपारी १:२०)

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, आणि मी तो सुरुवातीलाच सांगायला हवा होता. नाचताना मोजायचं नाही. मोजायचं ते बसून, वेगळ्या वेळी. सकाळी पढंत, संध्याकाळी नाच, दोन्ही एकत्र नको.

आणि सगळे तोडे घेऊ नका, ताई. चारच निवडा: एक साधा तोडा, ती अडली तो चक्रदार, एक परण (पखवाजाच्या बोलांची रचना) आणि झपतालातला एक तुकडा. बाकीचं जसं आहे तसं राहू द्या.

पण परीक्षेनंतर शिकू दे, हे मात्र मला पटत नाही. परीक्षक विचारणार, आणि विचारल्यावर मुलगी गप्प उभी राहिली तर ते तिला पुढं कितीतरी वर्षं आठवत राहतं. मी स्वतः लहानपणी अशी उभी राहिले आहे.

---

दायाँ_बायाँ (४ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

मी तबला वाजवतो. परीक्षांना नाचाच्या साथीला बसून बारा-तेरा वर्षं झाली. अ‍ॅपवर लिहायचं होतंच, पण आधी पढंत कशासाठी असते ते माझ्या बाजूनं सांगतो, कारण हे मुलांना कुणी सांगत नाही.

पढंत परीक्षकासाठी असते असं सगळे धरून चालतात. माझ्यासाठीही असते. तुमची मुलगी मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. तिचा चक्रदार कसा आहे, धा कुठं पडतो, दम किती मात्रांचा आहे, मला काही माहीत नाही. तिनं तो एकदा हातावर म्हणून दाखवला की मला सगळं कळतं. मग ती नाचताना मी तिच्याबरोबर तो तोडा तबल्यावर वाजवू शकतो, आणि तिच्या पायाखाली आवाज उभा राहतो. न म्हणता नाचायला लागली तर मला नुसता ठेका धरून बसावं लागतं, आणि शेवटचा धा आला की अंदाजानं हात टाकावा लागतो. लेकीला एवढंच सांगा की समोर बसलेल्या तबलेवाल्या काकांना तोडा समजावून सांगायचाय. कुणाला काही समजावून सांगायचं असलं की पोरांची जीभ आपोआप सुटते.

दुसरं, लय. पढंत करताना तिनं जी लय धरली तीच मी धरतो. घाबरून भरभर म्हटलं तर मी भरभरच वाजवणार आणि मग तिलाच चक्कर झेपणार नाहीत. म्हणून तोंड उघडण्याआधी लेहऱ्याची दोन आवर्तनं शांतपणे ऐकायची. कुणी घाई करत नाही. परीक्षक थांबतात, मी थांबतो.

आता अ‍ॅप. लेहऱ्याचं अ‍ॅप चांगलं आहे, मीही वापरतो. पण अ‍ॅप लयीच्या एका आकड्यावर लावून महिनाभर सराव केला तर कान त्या एका लयीला चिकटतो. परीक्षेत पेटीवाला थोडा खाली किंवा वर धरणारच. म्हणून रोज आकडा बदला. आज थोडा कमी, उद्या थोडा जास्त, आणि तिला न सांगता बदला. दर दोन दिवसांनी एकदा अ‍ॅप बंद करून नुसत्या टाळीवर. आणि तबल्याचा आवाज बंद करून फक्त पेटीचा लेहरा ठेवता येत असेल तर तसंही करा. लेहऱ्याच्या सुरावरून सम ओळखता आली पाहिजे.

चुकली तर काय करायचं हे आजच ठरवून टाका. तोडा मध्येच विसरला तर थांबायचं नाही, जीभ चावायची नाही, परीक्षकांकडं बघायचं नाही. तत्कारावर यायचं, समेपर्यंत तत्कार, आणि समेवर परत तोडा उचलायचा. मी तेवढा वेळ ठेका धरून असतो. याची पण तालीम करा. घरी मुद्दाम मध्येच टाळी वाजवून तिला अडवा आणि परत समेवर यायला लावा.

---

शाहूपुरी_सई (५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०)

नाद खुळा लिहिलंय दादा! मी भरतनाट्यम् करते, आमच्याकडं पण हेच. अडवू (नाचाच्या मूळ हालचाली) पायात असतात आणि ते तालात म्हणून दाखवा म्हटलं की सगळ्यांची दांडी. आदितालाच्या आठ मात्रा हातावर धरून सोल्लुकट्टू, म्हणजे बोल, म्हणायचे, लघूत (पहिल्या चार मात्रांत) बोटं मोजायची, दोन्ही द्रुतांत (पुढच्या दोन-दोन मात्रांत) टाळी आणि उलटा हात. मी आरशासमोर बसून म्हणायचे. आरशात स्वतःचा हात दिसतो, त्यामुळं तो थांबला की लगेच कळतं.

---

निपाणी_ते_कोल्हापूर (५ नोव्हेंबर, रात्री १०:१०)

थोडं वेगळं लिहितेय, पण मूळ तिथंच आहे असं मला वाटतं.

माझ्या मुलीचा आधीचा क्लास (नाव लिहीत नाही) वर्षाला दोन परीक्षा द्यायला लावायचा. एप्रिल-मेच्या सत्रात एक, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात पुढची. आम्हालाही बरं वाटायचं, पोरगी भराभर पुढं चाललीय म्हणून. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेही डोक्यात होतं. प्रत्येक वेळी दोन महिने आधी तोडे ठासून भरायचे, परीक्षा झाली की विसरायचे. प्रवेशिका पूर्णला गेली तेव्हा तिला पहिल्या वर्षाचा एकही तोडा म्हणता येत नव्हता. क्लास बदलला तेव्हा नव्या बाईंनी तिला वर्षभर कुठल्याच परीक्षेला बसवलं नाही. मला राग आला होता. आता ती कुठलाही तोडा कुठल्याही मात्रेपासून उचलते.

ताई, तुमच्या लेकीचं तसं झालेलं नाही, तिची तयारी आहे. पण परीक्षा झाल्यावर लगेच पुढच्या सत्राचा फॉर्म भरायची घाई करू नका.

---

पोथी_आणि_पाटी (६ नोव्हेंबर, सकाळी ८:००)

लेखीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मध्यमाला लेखी पेपर असतो आणि मुलं तो शेवटच्या चार दिवसांवर टाकतात.

तालाचं लेखन हमखास येतं. भातखंडे पद्धतीत समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना २, ३ असे आकडे. झपताल: धीं ना । धीं धीं ना । तीं ना । धीं धीं ना, म्हणजे २-३-२-३ असे विभाग. फुली पहिल्या मात्रेखाली, २ तिसरीखाली, शून्य सहावीखाली, ३ आठवीखाली. दुगुन लिहिताना दोन बोल एका मात्रेत घेऊन खाली कंस काढायचा, तो कंस विसरला की गुण जातात. तुमच्या लेकीला पढंत आली की हे फार सोपं जाईल, कारण जे हातावर दाखवायचं तेच कागदावर लिहायचंय. दोन्ही एकाच दिवशी करून घ्या: सकाळी म्हटलेला तोडा संध्याकाळी लिहून काढायचा.

हस्तमुद्रा: अभिनयदर्पण या जुन्या ग्रंथात असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) २८ सांगितलेत. नुसती नावं घोकण्यात अर्थ नाही. नाव घ्यायचं, मुद्रा करायची, ती कशासाठी वापरतात ते सांगायचं, तिन्ही एका दमात. पताक आणि त्रिपताक, कर्तरीमुख आणि अर्धपताक अशा जोड्या लावल्या की गोंधळ होत नाही. पताकातली अनामिका वाकवली की त्रिपताक, त्यात करंगळीही वाकवली की अर्धपताक, आणि मग तर्जनी-मध्यमा एकमेकींपासून फाकवल्या की कर्तरीमुख. एका मुद्रेतून दुसरी निघते, हे मुलांना फार आवडतं.

घराणी लिहिताना लखनौ, जयपूर, बनारस यांतला फरक नाचाच्या उदाहरणानं लिहायला लावा. लखनौची नजाकत आणि भाव, जयपूरचा पायांचा आणि लयकारीचा जोर. लखनौ घराण्याचे बिरजू महाराज गेले ते १७ जानेवारी २०२२ ला, जुन्या गाईडमध्ये हे नसतं. आपल्या मराठी मुलींना रोहिणी भाटे माहीत असल्याच पाहिजेत. त्यांनी पुण्यात १९४७ ला नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली.

आणि एक मनापासून. ज्या मंडळाची परीक्षा आपली मुलं देतात ते पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ ला उभं केलं. विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले कुरुंदवाडला, १८७२ साली, आणि शिकले मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं. कुरुंदवाड काय, इचलकरंजी काय, आपल्याच जिल्ह्यातली गावं. लेकीला एखाद्या रविवारी कुरुंदवाडच्या घाटावर घेऊन जा. पुस्तकातलं नाव तिला जवळचं वाटायला लागेल.

---

कळंबा_रिंगरोड (१२ नोव्हेंबर, रात्री ११:०५)

सगळ्यांचे खूप आभार. आठ दिवसांत काय काय झालं ते लिहिते.

खुर्चीवर बसून पाय चालू ठेवून म्हणणं पहिल्याच दिवशी जमलं. अडलेला चक्रदार सुद्धा पूर्ण म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. सोळा घरांचा कागद फ्रिजवर लावलाय. झपतालातली तिहाई शोधायला दोन दिवस गेले. मला उत्तर माहीत होतं, सांगायचा मोह आवरला.

पण पाय दुमडून हातावर म्हणायची वेळ आली आणि गाडी परत अडली. हात आणि तोंड एकत्र चालेना. हात चालला की तोंड थांबायचं. दोन दिवस रडारड झाली.

मग माझ्या सासूबाई मध्ये आल्या. त्या भुदरगडकडच्या, गावाकडं भजनी मंडळात आयुष्य गेलं, टाळ हातात असला की त्यांची लय कधी हलत नाही. त्या म्हणाल्या, "बाळ, मी जेवलो की बसतो तुझ्याजवळ. टाळ्या मी वाजवतो, तू म्हण." बसल्या. आणि पहिल्याच आवर्तनात नववीला जोरात टाळी वाजवली. लेक म्हणाली, "आजी, तिथं टाळी नाही, खाली आहे." आजींनी विचारलं, "का न्हाई? आमच्यात तर सगळीकडं वाजतीया."

आणि मग लेक त्यांना समजावत बसली. खाली का असते, तबल्याचा बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) तिथं कसा गप्प होतो, 'धा'च्या जागी 'ता' कसा येतो. ऐकवायला स्वतःच हातावर धरून ठेका म्हणाली, मग तत्कार म्हणाली, मग तोडा. एकदा, दोनदा, आजींचा हात बरोबर पडेपर्यंत. मी भाकरी करत होते. तवा उतरवून बघायला आले तर हात आणि तोंड दोन्ही चालू होतं आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं.

आता रोज रात्री दोघी बसतात. आजींना तीनताल आला, झपताल चालू आहे. त्यातल्या दोन-तीन-दोन-तीनला त्या अजून अडखळतात.

दोन प्रश्न उरलेत. कपडे काय घालावेत? आणि प्रवेशिका पूर्णनंतर ही पहिलीच परीक्षा जिथं तिला एकटीला इतका वेळ नाचायचंय. केशवराव भोसले नाट्यगृहात ८ ऑगस्ट २०२४ ला आग लागली, त्यानंतर क्लासचा मोठ्या रंगमंचावरचा कार्यक्रम झालाच नाही. अनोळखी माणसांसमोर एकटीनं उभं राहायची सवय तिला नाही.

---

पायरव (१३ नोव्हेंबर, सकाळी ६:१५)

ताई, वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

कपडे: चुडीदार आणि गुडघ्याखाली येणारा घेराचा कुडता, ओढणी आडवी घट्ट बांधलेली. चुडीदाराच्या चुण्या घोट्यावर घुंगरात अडकू देऊ नका. पैंजण, जोडवी, सैल बांगड्या काहीही नको. केसांची एकच वेणी, शेवटापर्यंत गुंफलेली, नाहीतर चक्करांत चेहऱ्यावर येते. त्याच कपड्यांत आधी दोनदा पूर्ण सराव करा, नवा ड्रेस त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

फरशीचं बघा. घरी सतरंजीवर सराव होत असेल तर बंद करा. केंद्रावर गुळगुळीत फरशी असते, पाय घसरतो. आणि अनोळखी माणसांचं म्हणाल तर रविवारी चार शेजारणींना बोलवा, चहा द्या आणि लेकीला सांगा की परीक्षक आलेत. दारातून आत येणं, नमस्कार, नाव सांगणं, काय करणार ते सांगणं, तिथपासून सगळं.

---

दायाँ_बायाँ (१३ नोव्हेंबर, रात्री ८:५०)

आजींना सांगा, रूपक ताल शिकायचा राहिला. सात मात्रांचा, आणि त्यात समेलाच खाली येते. त्यांना आवडेल.

---

कळंबा_रिंगरोड (२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०)

झाली परीक्षा.

आत सोडत नाहीत, बाहेर बाकावर बसले होते. दाराच्या फटीतून आवाज येत होता. तीनताल व्यवस्थित गेला. मग परीक्षकांचा आवाज, "हा तोडा म्हणून दाखव बाळ." आणि मग काहीच नाही. मी श्वास धरून बसले होते. लेहऱ्याचं एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. मला वाटलं, अडली. मग तिचा आवाज आला. दोन आवर्तनं ती ऐकत होती.

चक्रदाराच्या तिसऱ्या फेरीत एक बोल गळला, ते मलाही कळलं, इतके दिवस ऐकून पाठ झालाय. ती थांबली नाही. "ता थेई थेई तत्" चालू ठेवलं, समेवर आली आणि तिसरी फेरी परत म्हटली. मग नाचली तेव्हा तबला तिच्याबरोबर चालला होता, पायात आणि तबल्यात फरक कळत नव्हता.

बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "आई, तबलेवाल्या काकांनी माझा धा बरोबर पकडला." चुकल्याचं नंतर सांगितलं, तेही हसत.

निकाल यायचाय. लेखीत दुगुनीचे कंस काढलेत म्हणाली.

घरी येऊन घुंगरू सोडताना उजव्या पायाच्या दोरीची गाठ तुटली आणि चार घुंगरू निघून आले, एकाची पाकळी पण उघडलीय. नवी जोडी घ्यावी की ओवून घ्यावी? मिरजेला वाद्यांच्या दुकानांत मिळतात म्हणतात.

---

पायरव (२३ नोव्हेंबर, रात्री ९:१०)

शाब्बास! तिला जवळ घेऊन माझ्याकडून पाठीवर थाप द्या.

नवी जोडी नको, ताई. पाकळी उघडलेलं घुंगरू तेवढं काढून टाका, ते चिरकं वाजतं आणि पायालाही लागतं. जाड सुती दोरी आणा, नायलॉनची नको, ती घसरते. जुनी दोरी पूर्ण सोडा, तुटली म्हणजे बाकीच्या ठिकाणीही झिजलेली असणार. घुंगरू कोमट पाण्यात चिंचेनं घासून पूर्ण वाळवा. मग एक घुंगरू, एक गाठ, एक घुंगरू, एक गाठ. प्रत्येक गाठ घुंगराला टेकेपर्यंत ओढायची, नाहीतर ती सरकतात आणि पायावर एका बाजूला गोळा होतात. दोन्ही टोकांना वीतभर दोरी बांधायला सोडा. दोन्ही पायांत मोजून सारखीच ओवा.

एकटीनं ओवू नका. लेकीला दोरी धरू द्या आणि आजींना गाठी मारायला सांगा, भजनाच्या टाळांच्या दोऱ्या बांधून त्यांचा हात बसलेला असणार.

---

कळंबा_रिंगरोड (२३ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

चिंच भिजत घातली. आजी विचारताहेत, गाठ साधी की दुहेरी?

---

पायरव (२३ नोव्हेंबर, रात्री ९:४२)

दुहेरी.